पलीकडे नेणारा अ‍ॅडमिरल

डिसेंबर १९३५. ब्रिटिश नौदलाच्या होम फ्लीटच्या प्रमुखाचा चीफ ऑफ स्टाफ, वय ५२, हुद्दा रिअर अ‍ॅडमिरल. या जागेवर येऊन जेमतेम चार महिने झालेले, आणि हा माणूस, बर्ट्रम रॅमसे, वरिष्ठांना सांगतो की मला इथून मोकळं करा. प्रमुख सर रॉजर बॅकहाउस हुशार होते, कष्टाळू होते, रॅमसेचे जुने स्नेहीही होते. पण लहानसहान कागदसुद्धा स्वतः बघायचा आणि त्यावर निकालही स्वतःच द्यायचा, ही त्यांची पद्धत. मग चीफ ऑफ स्टाफने दिवसभर करायचं काय? काम नसलेल्या मोठ्या खुर्चीत बसण्यापेक्षा खुर्ची सोडलेली बरी, असं रॅमसेने ठरवलं. नौदलात अशा निर्णयाची किंमत मोजावी लागते. त्यानंतर मनाजोगती नेमणूक मिळाली नाही, आणि १९३८ मध्ये बर्ट्रम रॅमसे हे नाव निवृत्तांच्या यादीत गेलं. चाळीस वर्षांची नोकरी अशी संपली, असंच तेव्हा कुणालाही वाटलं असेल.

दोन वर्षांनी याच माणसाने फ्रान्समधल्या डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक परत आणले. त्यानंतर चार वर्षांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सुमारे सात हजार जहाजं आणि होड्या ठरल्या वेळी, ठरल्या जागी नेऊन उभ्या केल्या.

माझी नोकरी बंदराच्या कामाशी जोडलेल्या कचेरीत गेली. कुठलं जहाज कुठल्या भरतीला आत येणार, कुठल्या धक्क्याला लागणार, कुठल्या पाळीला किती टोळ्या लागणार, एवढंच आमचं जग. त्यामुळे युद्धाचे इतिहास वाचताना माझी नजर तोफांपेक्षा वेळापत्रकाकडे आधी जाते. आमच्याकडेही एक साहेब होते, त्यांच्या सहीवाचून क्रेनसुद्धा हलत नसे. ते रजेवर गेले की अख्खी कचेरी खोळंबायची आणि जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहायचं. हाताखालच्या माणसाला काम न देणं हा त्याचा किती मोठा अपमान असतो, ते मी तिथे पाहिलं. म्हणून रॅमसेच्या १९३५ च्या त्या निर्णयापाशी मी थांबलो, आणि मग त्याचं सगळं आयुष्यच त्या अंगाने वाचत गेलो. कुठलं काम दुसऱ्यावर सोपवायचं आणि कुठलं मुठीत ठेवायचं, हा प्रश्न त्याने दोन मोठ्या मोहिमांत सोडवला. आणि दर वेळी उत्तर वेगळं दिलं.

त्याचा जन्म २० जानेवारी १८८३ चा. वडील घोडदळात अधिकारी, मुलगा मात्र १८९८ मध्ये ‘ब्रिटानिया’ या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाला. १९०४ च्या सुमारास ‘हायसिंथ’ या क्रूझरवर असताना सोमालीलँडच्या मोहिमेत त्याने प्रत्यक्ष लढाई पाहिली. ‘ड्रेडनॉट’ या गाजलेल्या युद्धनौकेवर काम केलं, मग सिग्नलचं खास प्रशिक्षण घेतलं. त्या काळी नौदलात मान होता तो तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना. निरोपांची देवाणघेवाण, झेंडे, दिवे, बिनतारी यंत्र ही कामं दुय्यम समजली जात. पण चाळीस जहाजांचा ताफा एका दिशेला वळवायचा तर शेवटी निरोपच वेळेवर आणि बिनचूक पोचावा लागतो. स्टाफच्या कामाचं शिक्षणही त्याने पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधीच घेतलं होतं. कागदावर युद्ध आखणं ही त्याच्या पिढीतल्या दर्यावर्दी अधिकाऱ्यांना कमीपणाची गोष्ट वाटे. त्याला ती वाटली नाही.

पहिल्या महायुद्धात त्याच्या वाट्याला मोठी युद्धनौका आली नाही. ऑगस्ट १९१५ मध्ये त्याला पहिली स्वतंत्र कमान मिळाली ती ‘एम २५’ या मॉनिटरची. मॉनिटर म्हणजे सपाट तळाची, संथ, बुटकी बोट. अंगाच्या मानाने फारच मोठी तोफ पाठीवर घेतलेली. कमी पाण्यात शिरायचं, बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या जर्मन ठाण्यांवर मारा करायचा आणि परत फिरायचं. डोव्हर पेट्रोल नावाच्या तुकडीत दोन वर्षं त्याने हे केलं. नाव व्हावं असं यात काहीच नव्हतं. पण त्या किनाऱ्यासमोर वाळूचे दांडे पसरलेले आहेत, भरती-ओहोटीची ओढ जबर आहे, धुकं कधीही उतरतं. कुठल्या बोयापासून कुठे वळायचं, किती पाणी तळाखाली राहील, हे तिथे रोज मोजावं लागे. डंकर्कचा किनारा त्याच पट्ट्यात येतो. पुढे १९४० मध्ये नकाशावर वाट आखताना तो ओळखीच्या पाण्यावरच रेघ ओढत होता.

ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याच्याकडे ‘ब्रोक’ ही विनाशिका आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एडवर्ड इव्हान्स या कप्तानाने ‘ब्रोक’ जर्मन विनाशिकेवर आदळवून समोरासमोर लढत दिली होती, आणि वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. असं गाजलेलं जहाज नंतर हाती घेणं सोपं नसतं. रॅमसेने ते शिस्तीत आणलं. मे १९१८ मध्ये ऑस्टेंड बंदराचं तोंड जुनं जहाज बुडवून बंद करण्याचा दुसरा प्रयत्न झाला, त्यात ‘ब्रोक’ होती, आणि त्या कामगिरीबद्दल खलित्यात त्याचा उल्लेख झाला. मोहीम अर्धवटच साधली. पुढची वीस वर्षं क्रूझर, युद्धनौका, स्टाफ कॉलेज अशी गेली आणि येऊन थांबली ती बॅकहाउससाहेबांच्या दारात.

ऑगस्ट १९३९ मध्ये निवृत्त रॅमसेला डोव्हरला बोलावणं आलं. डोव्हरच्या किल्ल्याखाली खडूच्या कड्यात नेपोलियनच्या काळात खोदलेले बोगदे आहेत. त्यांच्या टोकाला, कड्याच्या तोंडाशी त्याचं ऑफिस होतं. खाली बंदर, समोर सामुद्रधुनी, हवा स्वच्छ असेल तर ३३ किलोमीटर पलीकडे फ्रान्सची रेघ दिसते. बोगद्यात दमट हवा, दिव्यांचा उजेड, फोनची रांग आणि मोजकी माणसं.

२६ मे १९४० च्या संध्याकाळी, सात वाजायला तीन मिनिटं असताना, लंडनहून ऑपरेशन डायनॅमो सुरू करण्याचा हुकूम आला. जर्मन रणगाडे समुद्राला भिडले होते आणि ब्रिटिश सैन्य फ्रेंचांसह डंकर्कभोवती कोंडलं गेलं होतं. वरिष्ठांचा अंदाज होता की दोन दिवस मिळतील आणि फार तर ४५,००० माणसं काढता येतील.

आता वाटांचा हिशेब बघा. डोव्हरहून डंकर्कची सर्वांत जवळची वाट ३९ सागरी मैलांची, पण ती कॅलेच्या किनाऱ्यालगत जाते आणि कॅले जर्मनांच्या हाती पडलेलं. दिवसाउजेडी त्या वाटेने जाणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. दुसरी वाट उत्तरेकडून वळसा घालून ८७ सागरी मैल. म्हणजे तेवढीच जहाजं, पण फेऱ्या निम्म्याहून कमी. मधली तिसरी वाट ५५ मैलांची, पण तिथे सुरुंग आणि वाळूचे दांडे. तिथले सुरुंग काढल्याशिवाय ती वापरता येणार नव्हती. रॅमसेच्या माणसांनी ती साफ केली आणि २९ मेपासून जहाजं तिथून जाऊ लागली. ‘लहान होड्यांचा चमत्कार’ म्हणून डंकर्कची कथा सांगितली जाते. होड्या घेऊन गेलेल्या माणसांच्या धैर्याला तोड नाही, हे खरंच. पण सैन्य वाचलं त्यात या ५५ मैलांच्या वाटेचा वाटा फार मोठा आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट धक्क्याची. रॅमसेने कॅप्टन विल्यम टेनंटला २७ मे रोजी डंकर्कला पाठवलं. तिथे काय करायचं याचा तपशीलवार हुकूम त्याच्या हाती दिला नव्हता. तिथली परिस्थिती बघून ठरव, एवढंच. टेनंट पोचला तेव्हा आतल्या गोद्या बॉम्बफेकीत मोडून पडल्या होत्या. पुळणीवर हजारो माणसं रांगा लावून उभी, पण किनारा इतका उथळ की मोठं जहाज लांब पाण्यातच थांबणार आणि लहान होडीतून वीस-पंचवीस माणसं एका खेपेला जाणार. या गतीने सैन्य निघालं नसतं. टेनंटची नजर बंदराच्या पूर्वेच्या ब्रेकवॉटरकडे गेली. लाटा अडवण्यासाठी बांधलेला हा बांध सव्वा किलोमीटरहून जास्त लांब, वरून चालायला अरुंद लाकडी वाट, शेजारीशेजारी चार माणसं कशीबशी जातील एवढी. जहाज लावण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. त्या रात्री त्याने ‘क्वीन ऑफ द चॅनल’ ही प्रवासी बोट प्रयोग म्हणून त्याला लावून बघितली. लागली. माणसं चढली.

भाऊच्या धक्क्यावर ओहोटीला रेवसच्या लाँचमध्ये उतरलेल्यांना हे चित्र चटकन दिसेल: पाणी खाली गेलेलं, होडी वरखाली होते आहे, पायरी आणि काठ यांच्यातलं अंतर प्रत्येक लाटेला बदलतं, आणि खालचा खलाशी हात देऊन सांगतो, ‘आता!’. डंकर्कला ते रात्री होत होतं, जळणाऱ्या तेलटाक्यांच्या धुरात, खांद्यावर जखमींना घेऊन, आणि वरून विमानं येत होती. बांधावर माणसं सोडण्याचं काम कमांडर जॅक क्लाउस्टन बघत होता. कुठलं जहाज कुठल्या खांबाशी, किती माणसं एका वेळी सोडायची, कुणाला थांबवायचं, हे सगळं तो तिथे उभा राहून ठरवायचा. काही दिवसांनी डोव्हरला जाऊन शेवटच्या फेरीसाठी परत निघाला तेव्हा त्याची बोट विमानांनी बुडवली आणि तो गेला. एकूण माणसांपैकी २,३९,४४६ बंदरातून आणि त्या बांधावरून निघाली; पुळणीवरून ९८,७८०.

टेनंटला मोकळीक दिली नसती तर हा बांध सापडला नसता, असं मला ठामपणे वाटतं. डोव्हरच्या बोगद्यात बसून कुणीही हुकूम काढला नसता की लाटांच्या बांधाला जहाज लावा. पाच वर्षांपूर्वी आपल्याला काम मिळत नाही म्हणून खुर्ची सोडणाऱ्या माणसाला हे कळत होतं.

पण मोकळीक देणं म्हणजे हात झटकणं नव्हे. २९ मे रोजी अनेक विनाशिका बुडाल्या, मोडल्या. लंडनने घाबरून नव्या बांधणीच्या विनाशिका मागे घेतल्या, पुढच्या युद्धासाठी त्या लागणार म्हणून. दुसऱ्या दिवशी रॅमसे फोनवर अडून बसला. या जहाजांशिवाय जमणार नाही, हा त्याचा साधा हिशेब होता, आणि त्याने ती परत मिळवली. ३१ मे रोजी एका दिवसात ६८,०१४ माणसं परत आली. सगळ्या मोहिमेतला तो सर्वांत मोठा आकडा. १ जूनला विमानांनी ‘कीथ’, ‘बॅसिलिस्क’ आणि ‘हॅव्हंट’ या तीन ब्रिटिश विनाशिका बुडवल्या, तेव्हा त्याने दिवसाच्या फेऱ्या बंद केल्या. २ जूनच्या रात्री टेनंटने कळवलं की ब्रिटिश सैन्य निघालं. खलाशी उभ्याउभ्या झोपत होते. तरीही फ्रेंच सैनिक मागे होते, म्हणून रॅमसेने ३ जूनच्या रात्री थकलेल्या जहाजांना आणखी एकदा पाठवलं. त्या शेवटच्या खेपेत २६,१७५ माणसं आली, बहुतेक फ्रेंच. चाळीस हजारांच्या आसपास फ्रेंच तरीही मागे राहिले आणि कैदेत गेले.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून जहाजं निघाली, त्यांवर हिंदी सैन्याच्या खेचरांच्या चार कंपन्या होत्या. बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. मार्सेलला उतरून ते ब्रिटिश फौजेचं सामान वाहत होते. त्यातल्या एका कंपनीला जर्मनांनी कैद केलं. इतर कंपन्यांतले जवान डंकर्कच्या माघारीत होते. खेचरं मागे सोडावी लागली. डंकर्कच्या बहुतेक चित्रांमध्ये ही माणसं दिसत नाहीत. मुंबईहून निघाली म्हणून तरी आपण त्यांची आठवण ठेवावी.

रॅमसेचं सगळंच काही यशाचं नाही. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझेनाउ’ आणि ‘प्रिन्स ऑयगेन’ ही जर्मन जहाजं त्याच्या नाकासमोरून, भर दिवसा, डोव्हरच्या सामुद्रधुनीतून निघून गेली. त्यांना अडवायला यूजीन एसमंडच्या हाताखाली सहा जुनाट स्वोर्डफिश विमानं उडाली. सहाही पडली, १८ जणांतले १३ मेले, एसमंडही. ती विमानं कशाच्या तोंडी जात आहेत हे डोव्हरला कळत होतं, तरी ती गेली. रॅमसेचं कौतुक करणाऱ्या लेखांत या दिवसावरून घाईने पुढे जातात. मला ते पटत नाही. त्या दिवशी यंत्रणा उशिरा जागी झाली, नौदल आणि हवाईदल यांच्यात ताळमेळ नव्हता, आणि जीव गेले. पुढच्या दोन वर्षांत तपशील आधी लिहून ठेवण्याचा जो ध्यास त्याच्यात दिसतो, त्याची मुळं मला या दिवसात दिसतात. हा माझा अंदाज आहे, पण तो सोडवत नाही.

नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फौजा उतरवण्याची आखणी त्याने अ‍ॅडमिरल कनिंगहॅमच्या हाताखाली केली. १० जुलै १९४३ रोजी सिसिलीत फौजा उतरल्या, तेव्हा पूर्वेकडचा सगळा ब्रिटिश ताफा त्याच्याकडे होता. या मोहिमेत रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘सतलज’ आणि ‘जमुना’ या दोन बोटीही संरक्षणाला होत्या. त्या नौदलात रत्नागिरीकडचे मुसलमान दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या भरती होत असत. सिसिलीच्या किनाऱ्याला त्या दिवशी कोकणातलाही कुणी डोळ्यांत तेल घालून पाहत असेल, असं मनात येतं.

आणि मग नेपच्यून. नॉर्मंडीच्या मोहिमेच्या समुद्रावरच्या भागाचं हे नाव. याची सूत्रं रॅमसेकडे आली तेव्हा तो कागदोपत्री अजून निवृत्तच होता! डंकर्क, आफ्रिका, सिसिली, सगळं त्याने निवृत्त अधिकारी म्हणून केलं. एप्रिल १९४४ च्या शेवटी त्याचं नाव सक्रिय यादीत परत घेतलं आणि त्याला पूर्ण अ‍ॅडमिरल केलं.

या मोहिमेचे हुकूम बघितले की माणूस चक्रावतो. हजारभर पानं. कुठलं जहाज कुठल्या बंदरातून किती वाजता निघेल, किती वेगाने चालेल, वाइट बेटाच्या दक्षिणेला जमण्याच्या जागी किती वाजता येईल (त्या जागेला खलाशी ‘पिकाडिली सर्कस’ म्हणत), तिथून सुरुंग काढलेल्या दहा वाटांपैकी कुठल्या वाटेला लागेल, किनाऱ्यापासून किती अंतरावर नांगर टाकेल, सगळं लिहिलेलं. अमेरिकन ताफ्याचा प्रमुख अ‍ॅडमिरल कर्क वैतागला. अमेरिकन पद्धत अशी की काय साधायचं ते सांगा, कसं साधायचं ते हाताखालचा ठरवेल. कर्कचं म्हणणं होतं की हे आम्हाला बोट धरून चालवणं झालं.

१९३५ मध्ये बॅकहाउसच्या कचेरीतून उठून गेलेला तो हाच माणूस का? बरेच दिवस मला हे कोडं सुटत नव्हतं. उत्तर मिळालं ते आमच्याच कामाच्या अनुभवातून. एका धक्क्यावर एक जहाज असेल तर मुकादमावर सोडा, तो तुमच्यापेक्षा चांगलं करेल. पण एका भरतीच्या दोन तासांत अनेक जहाजं एकाच तोंडातून आत घ्यायची असतील, तर प्रत्येक मुकादमाने आपापल्या हुशारीने चालून भागत नाही. दोघे हुशार मुकादम एकमेकांची वाट अडवतात. डंकर्कला परिस्थिती तासातासाला बदलत होती आणि ती दिसत होती फक्त तिथे उभ्या असलेल्याला; म्हणून टेनंटला मोकळीक. नॉर्मंडीला १,२१३ युद्धनौका आणि ४,००० हून जास्त उतरण-होड्या काळोखात, सुरुंगांमधल्या अरुंद वाटांतून, एकमेकांना न धडकता जायच्या होत्या, आणि त्यातल्या किती तरी होड्या काही महिन्यांपूर्वी समुद्रसुद्धा न पाहिलेल्या पोरांच्या हाती होत्या. तिथे एकाने वाट चुकली तर मागचे पन्नास चुकतात. किनाऱ्याला लागल्यावर काय करायचं ते मात्र तिथल्या तिथे ठरवायचं. कर्कची तक्रार खोटी नव्हती, पण या एका बाबतीत मी रॅमसेच्या बाजूने आहे. मुठीत ठेवण्यासारखी गोष्ट एकच होती, वाट, आणि ती त्याने मुठीत ठेवली.

सगळ्यांत मला भावतं ते भरतीचं गणित. जर्मनांनी पुळणीवर खांब, लोखंडी अडथळे, सुरुंग रोवले होते. भरतीला ते पाण्याखाली जाणार आणि होड्यांचे तळ फोडणार. म्हणून ओहोटी संपून पाणी चढू लागलं की लगेच, आणि उजाडल्यावर उतरायचं. विमानांतून उतरणाऱ्या सैनिकांना आदल्या रात्री चांदणं हवं. हे सगळं जुळणारे दिवस जूनच्या सुरुवातीला तीनच, ५, ६ आणि ७. लिव्हरपूलजवळच्या बिडस्टनला आर्थर डूडसन हा गणिती चाकं आणि कप्प्यांच्या यंत्रावर भरतीची कोष्टकं काढत होता. त्याला जागेचं नाव सांगितलं नव्हतं, फक्त ‘स्थान झेड’. तिथे भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, म्हणून अमेरिकन किनाऱ्यांवर उतरण्याची वेळ साडेसहा आणि ब्रिटिश-कॅनेडियन किनाऱ्यांवर जवळपास तासाभराने. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीच्या बातम्या वाचणाऱ्या मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. समुद्र कुणाच्या हुकमाने चढत नाही. हुकूमच त्याच्या वेळेला जुळवून लिहावा लागतो.

पोर्ट्‌स्मथजवळच्या साउथविक हाउसमध्ये त्याचं मुख्यालय होतं. तिथल्या भिंतीवरचा लाकडी नकाशा चॅड व्हॅली या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने केला होता. सुगावा लागू नये म्हणून नकाशा सगळ्या पश्चिम युरोपच्या किनाऱ्याचा मागवला, आणि नॉर्मंडीचा तुकडा बसवणाऱ्या कामगारांना मोहीम सुरू होईपर्यंत बाहेर सोडलं नाही. १ जूनला राजे सहावे जॉर्ज आणि चर्चिल या दोघांसमोर रॅमसेला बोलावलं गेलं. चर्चिलला ‘बेलफास्ट’ या क्रूझरवरून लढाई बघायला जायचं होतं, आणि राजालाही. रॅमसेने दोघांनाही तोंडावर नकोच म्हणून सांगितलं. शेवटी राजाने चर्चिलला पत्रं लिहून थोपवलं.

४ जूनच्या रात्री हवामानखात्याच्या स्टॅगने वादळात एक फट दिसते असं सांगितलं. सरसेनापती आयझेनहॉवर विचारात, बाकीचे बोलत आहेत, आणि रॅमसे म्हणाला की मंगळवारी जायचं असेल तर कर्कला अर्ध्या तासात कळायला हवं. एकदा निघून परत फिरवलेल्या जहाजांना तेल भरायला किती वेळ लागतो, हे त्याच्या डोक्यात होतं. इतिहासातला तो मोठा निर्णय घेताना खोलीत वेळेचा हिशेब त्याच्यापाशी होता, आणि तो त्याने मांडला.

६ जूनला जहाजं पोचली. जूनअखेर साडेआठ लाखांच्या आसपास माणसं त्या पुळणींवरून पलीकडे गेली होती.

एवढं झाल्यावर त्याच्यासारखा माणूस गप्प बसला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. ४ सप्टेंबर १९४४ रोजी अँटवर्प हे प्रचंड बंदर जवळजवळ धड अवस्थेत हाती आलं. पण ते समुद्रापासून ८० किलोमीटर आत, शेल्ट नदीच्या खाडीवर. खाडीचे दोन्ही काठ जर्मनांकडे, पाण्यात सुरुंग. रॅमसेने त्याच सुमारास तार पाठवून बजावलं की खाडी मोकळी केल्याशिवाय हे बंदर काही कामाचं नाही. ब्रिटिश सेनापती माँटगोमरीचं लक्ष हॉलंडमधल्या आर्नहेमकडे होतं. बंदराची किल्ली हातात आणि कुलूप दुसऱ्याच्या ताब्यात! ५ ऑक्टोबरच्या बैठकीत रॅमसेने माँटगोमरीच्या तोंडावर हे सगळं मांडलं. सेनाप्रमुख ब्रुकने त्या दिवशीच्या डायरीत मान्य केलं की या बाबतीत माँटीचं चुकलं. खाडी साफ करताना दोस्त राष्ट्रांचे १२,८७३ सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यातले निम्मे कॅनेडियन. पहिला काफिला अँटवर्पला लागला २८ नोव्हेंबरला, बंदर हाती आल्यापासून ८५ दिवसांनी. तेवढे दिवस बराचसा पेट्रोल आणि दारूगोळा नॉर्मंडीपासून लॉऱ्यांनी वाहून न्यावा लागला. बंदर म्हणजे धक्के आणि क्रेन, एवढंच जमिनीवरच्या सेनापतींना दिसत होतं. येण्याची वाट हा बंदराचा अर्धा भाग असतो, हे त्यांना कुणी तरी ओरडून सांगायला हवं होतं, आणि सांगणारा होता. त्याचं वेळेवर ऐकलं असतं तर शेल्टच्या चिखलात किती माणसं वाचली असती, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

२ जानेवारी १९४५ रोजी माँटगोमरीबरोबरच्या बैठकीसाठी तो पॅरिसजवळच्या तुसू-ल-नोब्लच्या धावपट्टीवरून ब्रसेल्सला निघाला. विमान उडताउडताच कोसळलं. कुणीच वाचलं नाही. बासष्टी गाठायला अठरा दिवस कमी होते. सेंट-जर्मां-आं-ले इथे, त्याच्या शेवटच्या मुख्यालयाच्या गावात, त्याला पुरलं. डोव्हरच्या किल्ल्यात त्याचा पुतळा बसला तो २००० साली.

त्याच्या जागेवर हॅरल्ड बरो हा अ‍ॅडमिरल आला. मार्चमध्ये ऱ्हाइन ओलांडायची होती. समुद्रापासून इतक्या आत नौदलाचं काय काम, असं वाटेल. पण नदी रुंद, प्रवाह वेगाचा, पूल उडवलेले. मग नौदलाच्या उतरण-होड्या ट्रेलरांवर चढवून बेल्जियम-हॉलंडच्या रस्त्यांनी, गावांच्या अरुंद गल्ल्यांतून वळवत ऱ्हाइनच्या काठाला आणल्या, आणि तिथे पाण्यात सोडल्या. रॅमसेने उभी केलेली कचेरी त्याच्याशिवाय चालत होती, आणि होड्यांच्या त्या दोन वर्षांत तयार झालेल्या खलाशांनी फौजा पलीकडे नेल्या.